शेपटीचा तीन

हल. मंगळवार, संध्याकाळचे पावणेसात.
भाड्याचे निळे बूट, सात नंबर,
नाड्या आधीच्या कुणाच्या तरी पायांनी ओल्या.
बाकावर शेजारी इमोजेन, वय सहा,
आणि तिची आई, जी सहज विचारते,
"ह्यातलं तुमचं कुठलं?"
मी म्हणतो, "मीच."

पहिला धडा पडण्याचा.
डोरीनबाई सत्तरीच्या, कमरेला लोकरी पट्टा.
गुडघे वाकव, म्हणतात, बाजूला कल,
पडलास की मुठी आवळ, बोटं पसरू नकोस,
मागून कुणाची तरी धार येत असते.
सव्वीस वर्षं जो तो मला
न पडायचंच शिकवत आला.
मी पडलो.
"छान पडलास," म्हणाल्या.
हे वाक्य मराठीत मी कधी ऐकलं नव्हतं.

दिवसा मी कॅरॅव्हॅनच्या कारखान्यात असतो,
कुठल्या तळाला किती भार पेलेल
याचे तक्ते करतो.
संध्याकाळी माझाच भार, एकाहत्तर किलो,
चार मिलिमीटरच्या पात्यावर.

नाचता येईना तर अंगण वाकडं म्हणावं,
तर इथे तीही सोय नाही.
दर तासाला ते अवजड यंत्र येतं,
गरम पाणी सोडत, म्हशीच्या चालीनं,
आणि अंगण सपाट करून जातं,
माझ्या सगळ्या पुराव्यांसकट.

आत्तेभाऊ फोनवर म्हणाला, हॉकी तरी शिकायचीस.
मग जरा थांबून, टाइट्स घालतोस का रे?
थर्मल, मी म्हटलं.
दोघंही थोडा वेळ गप्प.
उजव्या कुल्ल्यावर वांग्याच्या रंगाचा डाग होता,
तो त्याला सांगितला नाही.
आठवड्यात तो पिवळा झाला, हळद न लावताच.

डोरीनबाईंचे वडील मासेमारीच्या बोटीवर,
थेट आइसलंडच्या समुद्रापर्यंत.
डोलकाठीवर चढलेला बर्फ रात्रभर कुऱ्हाडीनं फोडायचा,
नाहीतर त्याच्या वजनानं बोट उलटते.
मुलीच्या पायांत हे बूट पहिल्यांदा पाहिले
तेव्हा ते काही बोलले नाहीत,
घराबाहेर जाऊन उभे राहिले.
एवढंच सांगितलं बाईंनी.
आणि लगेच, "गुडघे!"

पात्याला दोन धारा असतात, मला माहीत नव्हतं.
एक आतली, एक बाहेरची, मधे बारीक पन्हळ.
दोन्हींवर उभं राहिलं तर माणूस सरळ जातो
आणि समोरच्या कठड्यावर आदळतो.
वळायचं तर एक धरावी लागते,
आणि जिकडे पडू असं वाटतं
तिकडेच कलावं लागतं.
इमोजेनला हे कुणी सांगितलेलं नाही.
ती वळते.

फेब्रुवारीत थ्री टर्न.
एका पायावर पुढे, मग त्याच पायावर उलटं,
मागे बर्फात तीनचा आकडा उरतो.
इमोजेनचा सुबक, शाळेच्या वहीतला.
माझा?
पहिलं पोट बरं,
दुसरं ओढूनताणून,
आणि शेवटी तोल गेला, पाय सटकला,
खाली उजवीकडे फरफटत गेला.

डोरीनबाई वाकून बघतात.
"ही शेपटी कसली?"
मीही बघतो.
बालवाडीत, पाटीवर, ओल्या फडक्यानं पुसून पुसून
पुन्हा गिरवलेला तो.
"आमच्याकडे असाच काढतात," मी म्हणतो.
त्या माझ्याकडे बघतात, मग आकड्याकडे.
"बरं. पुढच्या वेळी आमचा काढ."

भोंगा होतो.
इमोजेन केव्हाच कडेला, हातात गरम चॉकलेट,
ओरडते, "बाहेर ये, पुसणार आहेत!"
फाटक अजून पुरतं उघडलेलं नाही.
मी हातमोजा काढून
शेपटीवरून एकदा बोट फिरवतो.
गार. वाटली त्याहून खोल.
मग निघतो.
कठडा हाताशी आहे, धरत नाही.
फाटकाशी पोचल्यावर धरतो.